माझी डावी रायफल

२ जानेवारी, मंगळवार
नव्या वर्षाचा संकल्प एकच: यंदा रानडुक्कर. बाकीचे संकल्प (वजन, जिना, सासूबाईंना दर रविवारी फोन) रद्द. एका वेळी एकच गोष्ट करावी, पण नीट करावी.

गेल्या नोव्हेंबरातल्या प्रकाराचा आज शांतपणे विचार केला. म्हातारे हासलबेक मला दर वर्षी आपल्या रानातल्या हाक्याच्या शिकारीला बोलावतात. इतक्या वर्षांत माझ्या नावावर एकही डुक्कर नाही. गेल्या वेळी एक भला दांडगा नर माझ्या मचाणाखालून चालत गेला. पळत नव्हे, चालत. मी तेव्हा उकडलेलं अंडं सोलत होतो हे खरं, पण मुद्दा तो नाही. अंडं ठेवून मी रायफल उचलली. पहिली गोळी बर्चच्या झाडाला लागली. दुसऱ्या गोळीसाठी बोल्ट, म्हणजे आत असेल ते बाहेर टाकून नवं काडतूस भरणारा दांडा, ओढायचा, तर मी डावखुरा आणि बोल्ट उजवीकडे! डावा हात चापावरून काढा, नळीवरून पलीकडे न्या, बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. एवढं होईपर्यंत डुक्कर सरहद्दीपलीकडे चेक देशात पोचलं.

निष्कर्ष: दोष माणसाचा नाही. बोल्टचा आहे.

६ जानेवारी
मेव्हण्याला निष्कर्ष सांगितला. गिर्गल हा माझ्या बायकोचा, ट्राउडलचा, धाकटा भाऊ. आजोबांची गंजकी रायफल वापरतो, पट्ट्याच्या जागी दोरी बांधलीय, आणि दर वर्षी दोन-तीन डुकरं पाडतो. निव्वळ नशीब. शिवाय उजवा आहे.

सगळं ऐकून म्हणाला, दाजी, नाचता येईना... मी म्हण पुरी करू दिली नाही. अंगण खरोखरच वाकडं असू शकतं, ही शक्यता कुणी तपासतच नाही.

१९ जानेवारी
दुकानात मी नळ आणि वॉशबेसिन विकतो, त्यामुळे माल पारखायची नजर आहे. तालुक्याला हिर्लबाईंच्या बंदुकीच्या दुकानात गेलो आणि सरळ सांगितलं, सरळ ओढायच्या बोल्टची रायफल दाखवा. या प्रकारात उचलणं नाही, पाडणं नाही, नुसतं मागे-पुढे. खट-खट, दुसरी गोळी तयार.

बाईंनी तीन दाखवल्या. पहिली उजव्यांसाठी. डावखुऱ्यानं चालवली तर काडतुसाची रिकामी पुंगळी नाकासमोरून उडते. नाही म्हणालो. दुसरीचा बोल्ट हवा त्या बाजूला बसवता येतो. बाईंच्या मते माझ्यासाठी हीच. मी म्हणालो, जी दोघांची ती कुणाचीच नाही. तिसरी जन्मानंच डावी. बोल्ट डावा, पुंगळी डावीकडे पडणार, दस्त्याला डाव्या गालाचा उंचवटा. ती दुकानात नव्हती, चित्रात होती. कारखाना डाव्या रायफली वर्षातून एकदाच बनवतो. ऑक्टोबरात मिळेल.

हिर्लबाई म्हणाल्या, तोवर साहेब, आहे त्याच रायफलीवर दहा-बारा वेळा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन या ना. उजव्या लोकांना आमचं दुःख कळायचं नाही. बाई तरी त्याला काय करणार.

३ फेब्रुवारी
ऑर्डर दिली. डावी. दस्ता अक्रोडाचा, सोबत सायलेन्सर, आणि डाव्या बाजूला रानडुकराची नक्षी. नक्षीची गरज नव्हती, पण एकदाच घ्यायची तर.

हे पैसे ट्राउडलच्या नव्या स्वयंपाकघरासाठी ठेवले होते. तिला समजावलं की स्वयंपाकघर कुठे पळून जात नाही, डुक्कर पळतं. तिनं चमच्यांचा खण उघडला. तो बंद होत नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. म्हणजे पटलं असावं.

११ मे
बिअरच्या मंडपात हासलबेक भेटले. जवळ येऊन बसले आणि म्हणाले, ऑटमार, मचाणं चौदा आणि यायला टपलेली माणसं चाळीस. यंदा तुला ओकचं मचाण देतो. तिथून आंधळ्यालाही डुक्कर मिळतं. तिथंही नाही जमलं तर मग...

वाक्य पुरं केलं नाही. भावनावश झाले असणार. ओकचं मचाण म्हणजे रानातली मानाची जागा. घरी येऊन ट्राउडलला सांगितलं. ती म्हणाली, अरे, तो तुला शेवटची संधी देतोय. ही बाई सगळ्याची काळी बाजू बघते.

तरी झोप लागेना. वर्षभर मी लोकांना नळ विकतो. कुणी माझं नाव लक्षात ठेवत नाही, नळाचंच ठेवतात. त्या एका शनिवारी सकाळी मात्र शेकोटीभोवती हिरवे कोट घातलेली सगळी मंडळी उभी असतात आणि हासलबेक मोठ्यानं पुकारतात: ऑटमार प्रेख्टल! तेवढ्यासाठी मी वर्ष काढतो. हे इथेच लिहितो, कुणाला सांगणार नाही.

२२ जून
गिर्गलनं ओढत शूटिंगच्या थिएटरात नेलं. पडद्यावर डुकरांची फिल्म चालते, आपण खरी गोळी मारायची, कुठे लागली तिथे लाल ठिपका दिसतो. रायफल तिथलीच, उजवी.

ठिपके पुढीलप्रमाणे: झाड, झाड, आभाळ, आणि एक पिल्लांसोबत चाललेली डुकरीण. पिल्लंवाली मारायची नसते हे मला पूर्ण माहीत आहे. मी नेम तिच्या मागच्यावर धरला होता. शेवटची गोळी फिल्म संपल्यावर आलेल्या 'समाप्त' या पाटीला, अगदी मधोमध. म्हणजे हात स्थिर आहे. रायफल उजवी आहे एवढंच.

परतताना गाडीत गिर्गल म्हणाला, दाजी, दर मंगळवारी येऊया का? मी म्हणालो, चुकीच्या हत्यारावर सराव म्हणजे चुकीची सवय. डावी आली की बघू.

१५ ऑगस्ट
सवय लावतोय. घरातले सगळे खण डाव्या हातानं, झटक्यात, मागे-पुढे. ट्राउडल म्हणते, आता दोन खण बंद होत नाहीत.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
आली!!!

काय वर्णावं. बोल्ट लोण्यातून सुरी सरकावी तसा सरकतो. हिर्लबाईंनी पुन्हा रेंजचं काढलं. मी म्हणालो, बाई, ही रायफल आणि मी एकमेकांना ओळखतो.

संध्याकाळी गिर्गल बघायला आला. नक्षीवर बोट फिरवून म्हणाला, चला, दाजींच्या बंदुकीवर एकदाचं डुक्कर आलं. हसलो. हसणं भाग होतं, त्याची बहीण समोर होती.

१४ ऑक्टोबर
सराव सुरू. रोज बातम्यांच्या वेळी. सोफ्यावर बसायचं, रायफल खांद्याला, टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणारा माणूस दुर्बिणीत धरायचा आणि खट-खट, खट-खट. एका श्वासात पाच वेळा बोल्ट.

चापाला मात्र हात लावत नाही. इंटरनेटवर वाचलं की रिकाम्या रायफलीचा चाप ओढला की आतली, काडतुसावर आपटणारी टोची झिजते. एवढ्या महागाच्या वस्तूची काळजी घ्यायला हवी.

२८ ऑक्टोबर
वेग थक्क करणारा आहे. बोल्ट आता विचार करण्याच्या आत सरकतो. ट्राउडल म्हणाली, हवामानवाल्याला मार हवं तर, पण आधी फडताळावरची धूळ पूस.

गिर्गलनं सराव पाहिला आणि विचारलं, आणि चाप कधी ओढणार? टोचीचं सांगितलं. तो म्हणाला, अरे दाजी, त्यासाठी खोटी काडतुसं मिळतात, मी देतो. नको म्हणालो. चाप ओढायला काय अक्कल लागते? अक्कल बोल्टमध्ये आहे.

३ नोव्हेंबर, रविवार
शिकाऱ्यांच्या संताचा दिवस. चर्चमध्ये शिंगं वाजली, पाद्रीबाबांनी आम्हा सगळ्यांना आशीर्वाद दिला. क्रूस त्यांनी उजव्या हातानंच काढला. असो.

नंतर पेयपानात तोच जुना वाद. आमच्याकडे शिकारी ग्लास डाव्या हातात धरतो, कारण उजवा हात बंदुकीचा, तो मोकळा हवा. मी डावखुरा, माझा बंदुकीचा हात डावा, म्हणून मी ग्लास उजव्यात धरतो. यात चूक काय? हासलबेक दर वर्षी तोंड वाकडं करतात. आज म्हणाले, ऑटमार, आधी त्या हातानं काही मारून दाखव, मग त्याला मोकळा ठेव. सगळे हसले. वीस दिवसांनी बघू कोण हसतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार, पहाटे
ट्राउडलनं अंडी उकडली होती. नेली नाहीत. यंदा दोन्ही हात मोकळे.

त्याच दिवशी, मचाणावर
शेकोटी. शिंगं. आणि मग: ऑटमार प्रेख्टल, ओकचं मचाण! सगळ्यांनी वळून पाहिलं.

नियम सांगून झाले. परतीचं शिंग वाजेपर्यंत मचाण सोडायचं नाही. गोळी झाडली की ती सांगायची, लागली असो वा नसो, आणि तिथली जमीन तुडवायची नाही. जखमी जनावर रानात टाकून आलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी शेजारी बसवून घेत नाही. पलीकडच्या मचाणावर गिर्गल आहे, त्याची टोपी दिसते. हाकेवाल्यांचा आरडाओरडा सुरू झाला. काडतुसं पाच, भरली. हात थंड, मन थंड.

थोड्या वेळानं
झालं!!! अक्षर हलतंय, हलू दे.

कळप आला. सात-आठ. थेट माझ्याकडे, पन्नास पावलांवर. रायफल खांद्याला कधी गेली कळलंच नाही. पाच! पाचच्या पाच! एका श्वासात! हवामानवाल्या, तुझे आभार. बोल्ट नुसता उडत होता. एकही पुंगळी नाकासमोरून गेली नाही, सगळ्या डावीकडे खाली नेच्यात. आणि धक्का? खांद्याला जाणवलासुद्धा नाही. दस्ता जातिवंत आहे. सायलेन्सरला तर तोड नाही. आवाज शून्य. डुकरं दचकलीसुद्धा नाहीत, एक तर थांबून माझ्याकडे बघत होतं. दोन नक्की लागली. पुढचं जरा बसल्यासारखं झालं आणि मागचं लंगडलं.

खाली उतरून पुंगळी आठवण म्हणून घ्यायची फार इच्छा आहे. पण नियम म्हणजे नियम.

त्याच दिवशी, संध्याकाळी, खानावळीत
हासलबेकना रिपोर्ट दिला: पाच गोळ्या, दोन डुकरं जखमी. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यांनी आफ्राबाईंना बोलावलं. जखमी जनावर हुडकणारी बाई, तिची कुत्री बिर्मा रक्ताच्या एका थेंबावरून डोंगर पालथा घालते. दोघी पावसात निघाल्या.

अंगणात देवदाराच्या फांद्यांवर शिकार मांडलीय. गिर्गलची दोन. रांगेत माझ्या दोन डुकरांसाठी जागा मोकळी सोडलीय. मी तीनदा जाऊन पाहून आलो.

गिर्गल बाजूला घेऊन म्हणाला, दाजी, तुझ्याकडून मला काहीच ऐकू आलं नाही रे. मी म्हणालो, सायलेन्सर. तो म्हणाला, सायलेन्सर माझ्याही मित्राकडे आहे, त्याचा आवाज शेजारच्या गावाला ऐकू येतो. माझा चांगला आहे, म्हणालो. तो माझ्याकडे फार विचित्र नजरेनं बघत होता. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो.

आफ्राबाईंचा अजून पत्ता नाही. भाजलेलं डुक्कर आणि बटाट्याचे गोळे थांबवून ठेवलेत. लोक भुकेले, म्हणून सगळ्यांना माझ्यातर्फे बिअर. सगळ्यांच्या बायका आल्यात. ट्राउडलनं निळा ड्रेस घातलाय. तिला म्हणालो, आज तुला कळेल. ग्लास अर्थातच उजव्या हातात.

२४ नोव्हेंबर, रविवार
लिहायचं नव्हतं.

काल रात्री आफ्राबाई आली. चिंब भिजलेली, कुत्रीच्या पोटाला चिखल. सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि मूठ उघडून टेबलावर रिकामी केली. पाच. पुंगळ्या नव्हेत. काडतुसं. सगळी भरलेली, गोळ्या जागच्या जागी, टोचीची खूणसुद्धा नाही. तुझ्या मचाणाखाली, म्हणाली. नेच्यात, डाव्या अंगाला.

मी नुसता बोल्ट ओढत बसलो होतो. चापाला बोट लागलंच नव्हतं.

आफ्राबाई म्हणाली, दोन तास ही बिर्मा वळून वळून माझ्या तोंडाकडे बघत होती, जणू विचारत होती, बाई, नक्की हुडकायचं काय?

पहिली हसली ती ट्राउडल. मग छप्पर उडालं.

पाचही काडतुसं बाहेर नेली, रांगेतल्या माझ्या मोकळ्या जागेत एकेक करून मांडली, प्रत्येकावर, पाडलेल्या जनावरावर ठेवतात तशी, ओकची डहाळी. मग शिंगवाल्यांनी 'डुक्कर पडलं'ची धून वाजवली. पाच वेळा. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मलाही काढावी लागली.

जेवणानंतर नेहमीचं शिकाऱ्यांचं कोर्ट. न्यायाधीश हासलबेक, टोपी उलटी. आरोपी एकच. माझा वकील गिर्गल. तो म्हणाला, न्यायमूर्ती, माझ्या दाजींनी पाच काडतुसांना जीवदान दिलं, एवढा दयाळू शिकारी दाखवा. मला बाकावर ओणवं करून सुरीच्या आडव्या पात्यानं पाठीवर तीन फटके. लागत नाहीत ते, गमतीचे असतात. मग शिक्षेचा शेवटचा भाग. हासलबेक म्हणाले, आरोपीनं यापुढे ग्लास कुठल्याही हातात धरावा. त्याचे दोन्ही हात मोकळे आहेत.

मी हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो.

नंतर कोट घालताना म्हातारे एकटे आले. आवाज हळू होता, तेच जास्त लागलं. म्हणाले, ऑटमार, नेम कुणाचाही चुकतो, माझाही चुकलाय. पण एक बाई आणि एक कुत्री दोन तास पावसात नसलेल्या डुकरांमागे फिरली, कारण तू खात्रीनं सांगितलंस. पुढच्या वर्षी ये, जरूर ये. पण मचाणावर नको. हाक्याला ये.

गाडी ट्राउडलनं चालवली. मला रडू आलं. खिडकीकडे तोंड करून रडलो, पण काचेत दिसत असणार. ती म्हणाली, तुला खरंच वाटत होतं ना, दोन लागली म्हणून? मी मान डोलावली. तिनं माझ्या गुडघ्यावर थोपटलं. मग म्हणाली, सोमवारी स्वयंपाकघरवाल्याला फोन करते.

३० नोव्हेंबर
रायफल हिर्लबाईंकडे विकायला ठेवली. बाईंनी रेंजचं नाव काढलं नाही, त्यांचे उपकार. किती दिवसांत जाईल, विचारलं. त्या म्हणाल्या, साहेब, पंचवीस वर्षांत जन्मानं डावीच हवी म्हणून हटून बसलेलं गिऱ्हाईक मी एकच पाहिलंय. ते तुम्ही.

भिंतीवर उजव्या रायफलींच्या रांगेत ती एकटीच उलट्या बाजूची. दारातून एकदा वळून पाहिलं.

७ डिसेंबर, शनिवार
गिर्गलनं हाक्याची काठी आणून दिली. हेझलच्या लाकडाची, स्वतः तासलेली. हाकेवाल्याला बंदूक नसते. काठीनं झाडं बडवायची, ओरडायचं आणि डुकरं दुसऱ्यांच्या मचाणांकडे पळवायची. सकाळी शेकोटीपाशी हाकेवाल्यांची नावं पुकारत नाहीत. 'हाकेवाले तिकडे' एवढंच म्हणतात.

तो म्हणाला, दाजी, काठीला डावं-उजवं नसतं.

तो गेल्यावर काठी डाव्या हातात धरून पाहिली. मग उजव्या. मग दोन्ही. नव्या स्वयंपाकघराचं माप घ्यायला आलेला माणूस बघत होता, तरी सोफ्याला चार फटके मारून पाहिले. मूठ गोल, सगळीकडून सारखी. कुठेच काही खोट सापडेना. बराच वेळ तशीच हातात धरून बसलो.

जरा आखूड वाटते.